कोन्या काळचे पाव्हने?

आमच्या भाच्याला सध्या एका इंग्रजी मालिकेचा नाद लागला आहे. तिचा नायक निळ्या रंगाच्या एका उभ्या पेटाऱ्यात बसून काळात मागे-पुढे हिंडतो. त्याला घर नाही, नोकरी नाही, रजेचा अर्ज नाही. निघतो हवापालटाला आणि उतरतो तिथे हमखास राडा. रोममध्ये उतरला तर नीरोच्या काळातली आग, पॉम्पेईत उतरला तर ज्वालामुखी तोंड उघडायच्या बेतात. परवा एक भाग संपल्यावर भाच्याने वैतागून विचारलं, “मामा, याच्याच नशिबी हे काऊन?”

आई तुरीच्या शेंगा सोलत होती. “घरी बसत नाही म्हनून,” ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

उत्तर बिनतोड आहे. पण चार शब्दांत प्रश्न मिटवणं हा आईचा स्वभाव आणि मिटलेला प्रश्न उकरून काढणं हा आमचा धंदा.

मालिकेचं नाव ‘डॉक्टर हू’. तिचा पहिला भाग बीबीसीने दाखवला २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. लोकांचं लक्ष बातम्यांत, त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. म्हणजे हा गृहस्थ कथेत उतरायच्या आधी प्रत्यक्षातच चुकीच्या तारखेला उतरला. २०११ मधल्या एका भागात त्याचं यंत्र बाईच्या रूपाने बोलायला लागतं आणि सांगतं की तुला जिथे जायचं होतं तिथे नाही, जिथे जाणं तुला गरजेचं होतं तिथे मी तुला नेत आले. इंग्लंडात या खुलाशाचं मोठं कौतुक झालं. आमच्या यवतमाळकडचा कोणताही काळी-पिवळीवाला हेच करतो. तुम्ही दारव्ह्याचं तिकीट मागा, तो तुम्हाला पुढची सवारी जिथे उभी असेल तिथे नेतो. त्याला कुणी तत्त्वज्ञ म्हणत नाही.

त्याच्याही आधी, १८९५ मध्ये, एच. जी. वेल्सने आपला कालप्रवासी इसवी सन ८ लाख २ हजार ७०१ मध्ये पाठवला. हा मनुष्य सावध. यंत्र उभं केल्यावर त्याचे दांडे काढून खिशात टाकले, आपण मोटारसायकलची किल्ली काढतो तसे. तर तिथल्या लोकांनी अख्खं यंत्रच ओढून नेलं. आठ लाख वर्षांत माणसाने बरंच काही गमावलं होतं, पण दुसऱ्याची गाडी हलवायची कला शाबूत होती.

पण या भटकंतीचा मान इंग्रजांना द्यायचं कारण नाही. आपल्याकडे ही भानगड पुराणांपासून आहे. ककुद्मी राजा आपल्या रेवतीसाठी स्थळं पाहत होता. यादी काढली, पण एकावर मन बसेना. म्हणून थेट ब्रह्मदेवाचा सल्ला घ्यावा असं ठरवून मुलीला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं रंगलं होतं. मैफलीत मध्ये बोलू नये एवढी रीत राजाला होती. तो थांबला. गाणं संपल्यावर नमस्कार करून त्याने यादी पुढे केली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. तू इथे उभा होतास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, म्हणाले. यादीतले नवरदेव गेले, त्यांची मुलं-नातवंडं गेली, गोत्रांची नावंही कुणाला आठवत नाहीत. चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं. गुणाकार केला तर ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं होतात. “विचार करून कळवतो” म्हणून गेलेल्या मंडळींनी आमच्याकडेही पुष्कळांना लटकवून ठेवलं आहे, पण हा उच्चांक अजून कुणी मोडलेला नाही.

राजा खाली आला तर त्याची कुशस्थळी जागेवर नाही, तिथे द्वारका उभी. माणसं पूर्वीपेक्षा बुटकी झालेली. ब्रह्मदेवाने सुचवलेलं स्थळ बलरामाचं. ते पसंत पडलं, पण रेवती जुन्या काळातली, त्यामुळे नवरदेवापेक्षा कितीतरी उंच. बलरामाने खांद्यावरचा नांगर काढला, त्याच्या टोकाने तिला खाली ओढली आणि उंची जमवली. नांगराचा हा उपयोग अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही अजून सुचवलेला नाही. ककुद्मीने मुलगी दिली आणि तो तपाला निघून गेला. राज्य गेलं होतं, वारस गेले होते, राजधानीवर दुसऱ्याचं नाव चढलं होतं, तरी हा मनुष्य फेरफारासाठी तलाठ्याकडे गेला नाही. मला तर पुराणातला सगळ्यात शहाणा राजा हाच वाटतो.

ही रेवती पुढे रुक्मिणीची मोठी जाऊ झाली. रुक्मिणी शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरची, वर्धा नदीच्या काठची. तेव्हा जगातली पहिली कालप्रवासी बाई आमच्या वऱ्हाडच्या लेकीची जाऊ लागते, आणि या विषयावर तोंड उघडायचा आमचा हक्क लंडनवाल्यांपेक्षा जुना आहे.

आता ककुद्मीची चूक काय? त्याने कुठे नाक खुपसलं नाही, कुणाला वाचवायला धावला नाही. नुसता अदबीने उभा राहिला. म्हणजे कालप्रवासी लुडबुड करतो म्हणून त्याच्यावर संकट येतं, हे काही पटत नाही. कारण दुसरीकडे शोधायला पाहिजे, म्हणून मी एक बेत आखून पाहिला. असं यंत्र मला मिळालं तर जायचं कुठे? रोम नको, पॉम्पेई नको. जुन्या, निवांत यवतमाळातच एखादी दुपार काढावी, पोहे खावेत आणि परत यावं. तिथेच घोडं अडलं. यंत्राला तारीख लागते. “आंब्याचे दिवस होते, बाबा लहान होते” एवढ्यावर ते चालू होत नाही.

मग तारीख शोधायला मी जिल्ह्याचा इतिहास घेऊन बसलो. १८५३: निजामाच्या थकलेल्या देण्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. वसुलीच्या धामधुमीत कोणी पाहुणा म्हणून जातं का? १८९६-९७: दुष्काळ. १८९९-१९००: त्याहून मोठा दुष्काळ. बरं, १९०२ घ्यावं, तर गाव आहे पण ‘यवतमाळ जिल्हा’ नाही. तेव्हा तो वूण जिल्हा, म्हणजे आपल्या वणीच्या नावाचा. नाव बदललं १९०५ मध्ये. १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या गाड्याला जुंपलेलं, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. आमच्या आजोबांच्या पिढीने ओट्यावरून न उठता तीन राज्यं पाहिली. आणि पुढच्या काळातून आलेला मनुष्य ओट्याजवळ उतरला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला: “वेगळा विदर्भ झाला का हो?” हो म्हटलं तर अर्धे मारतील, नाही म्हटलं तर उरलेले.

१९३० चा पावसाळा छान असेल असं वाटलं. रान हिरवंगार, हवा थंड. पण १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात जाऊन गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या रानात डॉ. हेडगेवारांनीही सत्याग्रह केला. कायदा मोडायला त्या दिवसांत विळा आणि पेंढीभर गवत पुरत होतं. आता आमचा पाहुणा तिथे उतरतो. दमलेला आहे, बसायला जागा करावी म्हणून मूठभर गवत उपटतो, की लागलीच शिपायाचा हात खांद्यावर. झडतीत खिशातून पाचशेची नोट निघते आणि नोटेवर गांधीजी हसत आहेत. “हे काय आहे?” शिपाई विचारतो. “सरकारी चलन,” हा सांगतो. ज्या महिन्यात गांधीजी स्वतः येरवड्याच्या तुरुंगात आहेत, त्या महिन्यात हे उत्तर. यापेक्षा पत्रकं सापडली असती तर कमी शिक्षा झाली असती. आणि ती नोट जर ८ नोव्हेंबर २०१६ च्या आधीची असेल, तर सुटून परत आल्यावर ती इथेही चालत नाही. दोन्ही काळांत गुन्हेगार ठरवणारी नोट सांभाळणं हे एकट्या माणसाचं काम नव्हे.

सप्टेंबर १९४८ ला उमरखेडकडे पैनगंगेच्या काठी जावं म्हटलं, तर नदीच्या पलीकडे निजामाचं राज्य. रझाकारांचा धुमाकूळ, जीव मुठीत धरून अलीकडे आलेली माणसं, आणि १३ तारखेपासून पोलीस कारवाई. कागदपत्र नसलेला, विचित्र शर्ट घातलेला इसम दोन्ही काठांवर हेरच. १९७२: पुन्हा दुष्काळ. पण त्या साली निदान मुख्यमंत्री जिल्ह्यातलेच, गहुलीचे वसंतराव नाईक. पाहुणा खडी फोडायच्या कामावर जाऊन बसला तर हातात हातोडी, संध्याकाळी मजुरी आणि सुकडी. साऱ्या यादीत बऱ्यापैकी पाहुणचार एवढाच.

इथे मला भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. शांत दिवसाला तारीख नसते. इतिहासात पोचायला जे जे पत्ते उपलब्ध आहेत ते सगळे संकटाच्या दारात नेतात, कारण बाकीच्या दारांवर पाटीच लावलेली नाही. “आज तालुक्यात सर्व ठीक होतं” असं लिहायला कोणत्या सरकारने कोणाला पगार दिला आहे?

आमच्या घरी आजोबांची जमाखर्चाची लांबट वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने नक्षीदार केलेल्या. अक्षर बोरूचं, तिरकं. सरकी, ढेप, विहिरीचा दोर, बैलाची वेसण, गोडं तेल. ज्या दिवशी काही बिनसलं त्या दिवशी शेवटी जादा ओळ: ‘गारा पडल्या.’ ‘तांबडा बैल गेला.’ ‘तहसीलचे लोक येऊन गेले.’ या शेवटच्या ओळीखाली शाईचा मोठा डाग आहे, तो का पडला ते विचारायला नको. आणि मधूनच आठ-आठ, दहा-दहा दिवस बेपत्ता. काही घेतलं नाही, काही विकलं नाही, कुणी येऊन गेलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही. मला जायचं आहे ते त्या बेपत्ता दिवसांत. पण यंत्राच्या चकतीवर ‘गारा पडल्या’ची तारीख फिरवता येते, त्यानंतरच्या कोऱ्या आठवड्याची येत नाही.

कुणी म्हणेल, तारीखवार लिहून ठेवलेला निवांत प्रसंग जगात एकही नाही का? एक आहे. २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली. फुगे लावले, शॅम्पेन ठेवली, आणि निमंत्रण पाठवलं ते मेजवानी झाल्यावर, म्हणजे खरा कालप्रवासी असेल तोच येईल. कुणीही आलं नाही. मागच्या काळात जाता येत नाही याचा हा पुरावा, असं हॉकिंग म्हणाले. भौतिकशास्त्रात त्यांचा शब्द शेवटचा, पण पाहुणचारात नव्हे. हाती पत्रिका नाही, आदल्या दिवशी आठवणीचा फोन नाही, घ्यायला कुणी आलं नाही. अशा जेवणाला आमच्याकडे सख्खा साडूही जात नाही. तिथे परक्या शतकातला मनुष्य काय म्हणून येईल?

बरं, तारीख चांगली लागली असं समजू. तरी उतरल्यावर गावाच्या वेशीवर जे घडतं ते चुकत नाही. वऱ्हाडात अनोळखी माणसाला कुणी हाकलत नाही, आधी चौकशी करतात.

“कोन्या गावचे व्हय बावा तुमी?”

“इथलाच आहे.”

“इथले? कोनाच्या घरचे?”

आता हा काय सांगणार? घर अजून बांधायचं आहे, आजोबा अजून जन्मायचे आहेत. गप्प बसला तर चोर, खरं बोलला तर वेडा. तिसरा पर्याय म्हणजे लांबचं नातं सांगणं. पण आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना सात पिढ्यांची सोयरीक पाठ असते, त्यांच्यापुढे खोटं नातं चहा येईपर्यंतही टिकत नाही. परक्याला न ओळखण्याची किंमत या जिल्ह्याने मोजलेलीही आहे. राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे, एकट्या सीतेचं. वनवासात टाकलेली सीता इथे राहिली, लव-कुशांसाठी तिने गावात गहू मागितले, लोकांनी दिले नाहीत, म्हणून या गावात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी आख्यायिका आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या मोडक्या मंदिराचा जीर्णोद्धार मनावर घेतला. दारात उभ्या माणसाची चौकशी संपेपर्यंत त्याला पसाभर धान्य द्यावं, चौकशी नंतर चालू ठेवावी, असं माझं मत आहे.

धान्य मिळालं, पाहुणा टेकला, की खरं संकट सुरू होतं, कारण तोवर गावात बातमी पसरलेली असते की हा पुढचं जाणतो. रोममध्ये त्याला साम्राज्याचं काय होईल ते विचारत असतील. आमच्याकडे एकच प्रश्न:

“कापसाले भाव काय भेटन?”

समजा साल १८६४ आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळत नाही, म्हणून वऱ्हाडच्या कापसावर सगळ्यांचा डोळा आणि भाव आभाळाला भिडलेले. पाहुण्याला ठाऊक आहे की १८६५ च्या उन्हाळ्यापर्यंत युद्ध आटोपणार आणि भाव कोसळणार. दयाळू असल्यामुळे तो सांगतो, विकून टाका. एक जण ऐकतो आणि विकतो. पुढच्या पंधरवड्यात भाव आणखी चढतो, आणि तो काठी घेऊन येतो. मग युद्ध संपतं, भाव पडतो, आणि ज्यांनी विकला नव्हता ते सगळे काठ्या घेऊन येतात. त्यांचं म्हणणंही रास्त आहे: “तुले मालूम होतं, त जोर देऊन काऊन नाही सांगतलं?”

फार मागे जायला नको. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. घरात म्हणजे अक्षरशः घरात. पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी, पलंग ओसरीत, पोरांच्या अंगाला खाज. दूरचित्रवाणी संच कापसात कुठेतरी आहे हे आवाजावरून कळायचं. भाव काही परत आला नाही. आता एखादा सज्जन २०२४ मधून निघून त्या ओसरीत उतरला आणि म्हणाला, “दादा, विका, हा भाव यायचा नाही,” तर घरधनी त्याला पाणी देईल, वरून खाली पाहील आणि तो गेल्यावर बायकोला सांगेल, “व्यापाऱ्याचा मानूस व्हय थो.”

विदर्भात भविष्य सांगून सुखरूप राहण्याची एकच रीत आहे आणि ती बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला सापडते. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, रात्र गेल्यावर पहाटे पाहून पीक-पाण्याचं आणि राजकारणाचंही भाकीत सांगतात. हजारो शेतकरी जमतात. पाऊस पहिल्या महिन्यात कमी, दुसऱ्यात बरा, पीक साधारण. या साधारणाला कुणी काठी मारू शकत नाही. आमचा कालप्रवासी आकडा सांगतो, इथेच तो मरतो.

मराठी कालप्रवाशाचं दुखणं मात्र अगदी खास आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले प्राध्यापक गायतोंडे अपघातात सापडून अशा जगात पोचतात, जिथे १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलं आहे. आता मराठी माणसाला याहून सुखाचं ठिकाण ब्रह्मांडात असेल का? जे आपण अडीचशे वर्षं घोकत आलो त्याचा निकाल आपल्या बाजूने लागलेला. पंतांनी आयुष्यभर चौपाटीवर भेळ खात हिंडावं. पण आझाद मैदानात त्यांना एक सभा दिसते. वक्ता बोलतो आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी! त्या जगात अध्यक्ष नेमायची चाल बंद झालेली असते. पंतांना ते पाहवत नाही. ते चढतात, खुर्चीत बसतात, भाषण सुरू करतात, आणि श्रोते हाती लागेल ते फेकू लागतात. पानिपत जिंकलेल्या जगातही मराठी मनुष्य अध्यक्षपदावर हरला.

यवतमाळकरांना यात नवल वाटत नाही. आमच्याकडे अखिल भारतीय साहित्य संमेलनं दोन झाली. १९७३ मध्ये अध्यक्ष ग. दि. माडगूळकर, जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे. पहिल्या मांडवात डुलकी लागलेला एखादा रसिक दुसऱ्या मांडवात जागा झाला असता तर त्याच्या कानावर कवितेच्या आधी वाद आला असता. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण परत घेतलं गेलं होतं, त्यावरून कुणी येत होतं, कुणी येत नव्हतं, कुणी न येण्याचं पत्रक काढत होतं. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. ज्या खुर्चीवरून महाराष्ट्र भांडत होता तिथे उभं राहायला त्यांच्याइतका अधिकार कुणाचाच नव्हता, हे मात्र भांडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नंतर सुचलं.

आता माझ्या सिद्धांताला छेद देणारं एक उदाहरण देणं भाग आहे, कारण ते आमच्या गावातच होतं. यवतमाळला खरंखुरं कालयंत्र होतं. त्याचं नाव शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, वाटेत दारव्हा आणि कारंजा. इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांना पोचवायला किलिक-निक्सन कंपनीने ही लाईन चालवली. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं, ही तशीच खासगी राहिली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिच्यापुढे लागलं, ते १५ एप्रिल १९९४ ला निघालं. म्हणजे १९९३ मध्ये यवतमाळ स्टेशनवर पाय आत टाकलेला मनुष्य सत्तर वर्षं मागे बसत असे, आणि त्यासाठी त्याला तिकीट नेहमीचंच पडे.

आणि त्या गाडीत संकट? काही नाही. गाडी इतकी सावकाश की संकटाने ती लांबून पाहावी आणि बाजूला व्हावं. कुणी हात दाखवला तर थांबायची म्हणतात. डब्यात सगळे ओळखीचे, त्यामुळे “कोन्या गावचे?” ही चौकशी पहिल्या स्टेशनाआधी उरकलेली. कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या पिशवीत लग्नाच्या पत्रिका, गार्डाला गावोगावचे निरोप पाठ. सत्तर वर्षं रोज मागच्या काळात ये-जा करून एकही प्रवासी ज्वालामुखीत सापडला नाही. तिचे फोटो पुष्कळ निघाले, परदेशी हौशी लोक येऊन इंजिनाची मापं घेऊन गेले. पण अमक्या दिवशी डब्यात काय बोलणं झालं, कुणाची पत्रिका कुणाकडे पोचली, याची नोंद कुणी ठेवली नाही. संकट नव्हतं ना! म्हणजे छेदही अखेर माझ्याच बाजूने गेला.

ती गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. रुळांवर झुडपं आहेत. नवी मोठी लाईन वर्ध्याकडून येते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती कळंबपर्यंत आली. कळंबला जमिनीच्या पातळीखाली उतरून जावं लागतं असा चिंतामणी आहे. गौतमाचा शाप मिळाल्यावर इंद्राने इथे येऊन गणपतीची आराधना केली, असं सांगतात. स्वर्गातून निघालेल्या भटक्यालाही संकट उतरवायला आमचाच जिल्हा सापडला. रूळ टाकणाऱ्यांनी आधी कळंब गाठलं ते ठीकच केलं.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, मग त्या डॉक्टरला चांगला दिवस कधीच भेटणार नाही का? भेटेल, पण त्याची व्यवस्था आपण केली पाहिजे. म्हणून वाचकांना विनंती आहे. ज्या दिवशी घरात, गल्लीत, गावात काही म्हणता काही झालं नाही, तो दिवस तिथी-वारासह लिहून ठेवा. वीज गेली नाही, कुणी पडलं नाही, पाहुण्यांनी चहा निमूट घेतला, एवढं पुरे. भाजी कोणती होती तेही लिहा, म्हणजे येणाऱ्याला बेत ठरवता येईल. पत्ता खुणेसकट द्या, नुसत्या घर क्रमांकावर आमच्याकडे पोस्टमनही पोचत नाही. आणि त्या दिवशीचा कापसाचा भाव मात्र लिहू नका.